लीड्सचा हॉल आणि मराठीचं पाकीट

हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बसमध्ये रेंज जाते म्हणून ऐकता येत नाही, असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी. बोलण्यातलं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडं कमी केलंय, बाकी गोष्ट तीच.

तारीख ३ जानेवारी १९३७, वार रविवार. गाव इंग्लंडमधलं लीड्स. हे लोकरीच्या कापडाचं गाव. गिरण्या, धूर, भोंगे, पाळ्या. सोलापूरकरांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. त्या दिवशी आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेचे वेध लागले असणार. आणि तिकडे लीड्समध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या हॉलमध्ये काही तरुण पोरं कडाक्याच्या थंडीत जमली होती. कशासाठी? तर विज्ञानकथांवर गप्पा मारायला.

जमले किती? वीसच्या आतबाहेर. आपल्याकडे साखरपुड्याच्या पहिल्या पंगतीला याहून जास्त माणसं बसतात.

पण ही जगातली पहिली विज्ञानकथा-चाहत्यांची परिषद मानली जाते. ‘मानली जाते’ हे मुद्दाम म्हणतोय, कारण यावर अमेरिकेचा आक्षेप आहे. त्याआधी सव्वादोन महिने, २२ ऑक्टोबर १९३६ ला, न्यूयॉर्कचे काही चाहते रेल्वेने फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना भेटायला गेले होते. त्यांनी त्या भेटीलाच परिषद म्हणून टाकलं. इंग्रजांचं म्हणणं असं की मित्रांकडे जाणं वेगळं, आणि आधी तारीख ठरवून, जाहीर करून, हॉलमध्ये सभा घेणं वेगळं. हा वाद जवळपास नव्वद वर्षं चालू आहे. मला विचाराल तर मी लीड्सच्या बाजूचा. का, ते पुढे सांगतो.

आधी हे लोक एकमेकांना सापडले कसे ते बघू. फोन घरोघरी नव्हते. विज्ञानकथा छापणारी मासिकं अमेरिकेत निघायची. ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या माणसाने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं होतं. त्याचे न खपलेले जुने अंक इंग्लंडच्या वूलवर्थ दुकानांत तीन-तीन पेन्सला मिळायचे. जहाजाचं वजन सांभाळायला तळाशी रद्दी भरायचे, त्यातून हे अंक आले असं सांगतात. म्हणजे एका देशाची रद्दी ही दुसऱ्या देशातल्या पोरांची शाळा झाली.

पण खरी किमया वाचकांच्या पत्रांची. गर्न्सबॅक पत्र छापताना खाली वाचकाचा पूर्ण पत्ता छापायचा. लीड्सच्या पोराने अंक उघडला की त्याला कळायचं, अरे, लिव्हरपूलला आपल्यासारखाच एक वेडा आहे. मग तो संपादकाला सोडून थेट त्या वेड्यालाच पत्र लिहायचा. १९३४ मध्ये गर्न्सबॅकने ‘वंडर स्टोरीज’मधून ‘सायन्स फिक्शन लीग’ काढली आणि गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. लीड्सची शाखा त्यातलीच. परिषद तिनेच भरवली.

त्या हॉलमध्ये कोण होतं? लंडनहून आलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, सरकारी हिशेबतपासणी खात्यात कारकुनी करणारा. त्याचं नाव आर्थर सी. क्लार्क. लिव्हरपूलकडचा एरिक फ्रँक रसेल होता, जो पुढे मोठा लेखक झाला. वॉल्टर गिलिंग्ज आणि टेड कार्नेल होते, दोघे पुढे संपादक झाले. त्या दिवशी मात्र यातला कोणीच ‘मोठा’ नव्हता. सगळे वाचक होते. कुणाच्या हाती पैसा नव्हता, कुणाला कुणी विचारत नव्हतं.

आणि त्यांनी केलं काय? दिवसभर मंगळावरच्या माणसांवर चर्चा? नाही. त्यांनी संघटना काढली, सायन्स फिक्शन असोसिएशन. न्यूनीटन या लहान गावातले चाहते ‘नोव्हे टेरे’ नावाची पत्रिका सायक्लोस्टाइल करून काढत होते, तीच संघटनेची पत्रिका झाली. नाव लॅटिन, अर्थ ‘नवे प्रदेश’. म्हणजे कामकाज आपल्या एखाद्या पतसंस्थेच्या बैठकीसारखंच. पण बघा, हीच पत्रिका १९३९ मध्ये कार्नेलकडे आली, त्याने तिचं नाव ‘न्यू वर्ल्ड्स’ केलं आणि १९४६ मध्ये ते खरंखुरं, दुकानात विकलं जाणारं मासिक झालं. पुढे इंग्लंडमधलं ते या क्षेत्रातलं सर्वांत महत्त्वाचं मासिक ठरलं. सायक्लोस्टाइलच्या शाईतून उगवलेलं झाड.

म्हणून मी लीड्सच्या बाजूचा. पहिलं कोण, हे माझ्या दृष्टीने तारखेवर ठरत नाही. भेट संपल्यावर काय उरलं, यावर ठरतं. लीड्समधून संघटना उरली, पत्रिका उरली, पुढच्या सभा उरल्या. १९३८ मध्ये लंडनला सभा झाली, १९३९ मध्ये पुन्हा.

मग युद्ध आलं. पोरं सैन्यात गेली, कागद मिळेना, संघटनेने काम थांबवलं. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण लीड्समधला एक माणूस, मायकेल रोझेनब्लम. हा शस्त्र हाती घ्यायला तत्त्वतः नकार देणारा, म्हणून त्याला शेतीच्या कामाला लावलेलं. दिवसा शेतात राबायचा आणि उरलेल्या वेळात ‘फ्युचरियन वॉर डायजेस्ट’ नावाची पत्रिका काढायचा. १९४० ते १९४५. कोण कुठल्या आघाडीवर आहे, कोणाचं पत्र आलं, कोणी काय वाचलं, असा सगळा मजकूर. कागद इतका कमी की इतर चाहत्यांची एक-दोन पानी पत्रकंही तो त्याच पाकिटात घालून पाठवायचा. आणि युद्ध चालू असतानाच १९४३ मध्ये लेस्टरला आणि १९४४ मध्ये मँचेस्टरला ईस्टरच्या सुट्टीत चाहते जमले. बाँब पडून गेलेल्या शहरांत.

युद्ध संपलं त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, आपल्या त्या हिशेबनीस क्लार्कचा एक लेख ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आला. कल्पना अशी: विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, म्हणजे जमिनीवरून बघणाऱ्याला एका जागी स्थिर दिसेल. असे तीन ठेवले की जवळपास सगळ्या जगाला संदेश पोहोचवता येईल.

आता याचा सोलापूरशी काय संबंध? सांगतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. नासाचा स्थिर उपग्रह एटीएस-६ वापरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला. कर्नाटकातले जे जिल्हे निवडले होते त्यांत विजापूर आणि गुलबर्गा होते. म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे शेजारी. ज्या खेड्यांत पुरती वीज नव्हती, तिथली माणसं संध्याकाळी शाळेच्या आवारात बसून आकाशातून आलेला शेतीचा कार्यक्रम बघत होती. आणि त्याच काळात आपल्या इस्रोच्या इंजिनिअरांनी कोलंबोला राहणाऱ्या क्लार्कच्या घरी तो कार्यक्रम बघायला अँटेना बसवून दिली.

लीड्सच्या सभेमुळे उपग्रह उडाला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे व्हॉट्सॲप विद्यापीठ. माझं म्हणणं एवढंच, की एकोणीस वर्षांच्या एका कारकुनाच्या विचित्र कल्पना ऐकून घेणारी वीस माणसं होती. ती नसती तर त्याने किती काळ त्या डोक्यात ठेवल्या असत्या?

आता मराठीकडे येऊ. पूल म्हणून एक वर्ष लक्षात ठेवा, १९५७.

त्या वर्षी ६ ते ९ सप्टेंबरला लंडनच्या किंग्ज कोर्ट हॉटेलात जागतिक विज्ञानकथा परिषद भरली. उत्तर अमेरिकेच्या बाहेर पहिल्यांदाच. हजर २६८. लीड्सच्या वीसवरून वीस वर्षांत २६८. महिनाभरात, ४ ऑक्टोबरला, रशियाने स्पुटनिक सोडला. त्याच वर्षी फ्रेड हॉईल या केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञाची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी आली. आणि त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला शिकलेला एकोणीस वर्षांचा एक मराठी मुलगा केंब्रिजला शिकायला गेला. पुढे तो हॉईलचाच विद्यार्थी झाला. जयंत विष्णु नारळीकर.

हॉईल मोठा शास्त्रज्ञ असून बिनधास्त विज्ञानकथा लिहितो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे नारळीकरांनी जवळून पाहिलं. १९७२ मध्ये ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत.

तोवर इथे काय होतं? मराठी विज्ञानकथा कोरी नव्हती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या होत्या. हो, तेच फास्टर फेणेवाले. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकात अद्भुत, गूढ आणि विज्ञान असं सगळं एकत्र यायचं. आणि १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेणं हा तिचा हेतू. पत्रिका, व्याख्यानं, दर वर्षी वेगळ्या गावात अधिवेशन, आणि विज्ञानकथांची स्पर्धा. परिषदेचा आवडता शब्द ‘विज्ञान रंजन कथा’. त्यातला ‘रंजन’ मला फार आवडतो.

१९७४ मध्ये या स्पर्धेत एक कथा आली. नाव ‘कृष्णविवर’, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे नारळीकर. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून हा खटाटोप. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपल्या हाताने उतरवून दिली होती. त्या स्वतः गणितज्ञ. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातलं हे सगळ्यात गाजलेलं पाकीट.

पुढचा प्रवास माहितीचा आहे. ‘किर्लोस्कर’ मासिकाने कथा मागितल्या. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला. आजूबाजूला मोठी फळी उभी राहिली. भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे. ‘सिंहासन’वाल्या अरुण साधूंनीसुद्धा ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी लिहिली. आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी खुद्द नारळीकर निवडले गेले. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत, पण मान मराठी विज्ञानकथेला मिळाला. मे २०२५ मध्ये ते गेले.

आता खरा मुद्दा. लीड्स आणि हे पाकीट शेजारी ठेवून बघा.

पाकिटाची एक मोठी ताकद आहे आणि तिचं श्रेय आपण देत नाही. पाकिटाला चेहरा नसतो. लीड्सच्या हॉलमध्ये पोचायला रेल्वेचं भाडं लागायचं, रविवार मोकळा लागायचा, आणि आत गेल्यावर आपण वेगळे दिसत नाही ना, हेही बघावं लागायचं. तिथे बहुतेक सगळे तरुण आणि बहुतेक सगळे पुरुषच. पाकीट मात्र अक्कलकोटहून येऊ शकतं, बार्शीहून येऊ शकतं. घरच्यांना न सांगता लिहिणाऱ्या मुलीचं येऊ शकतं. नारळीकरांना आपलं नाव लपवायला कष्ट घ्यावे लागले. ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याला ती सोय फुकटात. परीक्षकासमोर दोघे सारखे. हा विचार साधा आहे, पण न्यायाचा आहे.

पण पाकिटाची मर्यादाही तिथेच आहे. स्पर्धा एकाला निवडते. बाकीच्यांचं काय? ज्याची कथा परत आली, त्याला हे कधीच कळत नाही की त्याच गावात, चार गल्ल्या सोडून, आणखी एकाची कथा परत आलीय. दोघे भेटले असते तर कदाचित पुढच्या वर्षीची कथा जास्त चांगली झाली असती. लीड्सच्या हॉलमध्ये हरलेला कोणीच नव्हता, कारण तिथे स्पर्धाच नव्हती. स्पर्धा एकाला निवडते, बैठक सगळ्यांना ठेवून घेते.

आणि फरक आणखी एक. इंग्लंडमध्ये वाचक आधी जमले, त्यांच्यातून लेखक आणि संपादक निघाले. आपल्याकडे शास्त्रज्ञ आणि लेखक आधी आले, त्यांनी वाचकांसाठी लिहिलं. त्यामुळे आपल्या विज्ञानकथेला लवकर प्रतिष्ठा मिळाली, पाठ्यपुस्तकात जागा मिळाली, आणि तिच्यावर एक जबाबदारीही आली: काहीतरी शिकवलं पाहिजे. नुसती आवड म्हणून वाचणाऱ्याला, ‘मला फक्त मजा आली’ म्हणणाऱ्याला, या मांडणीत खुर्ची नव्हती. तो पुढच्या दिवाळी अंकाची वाट बघत घरीच बसला. वर्षातून एकदा दिवाळी अंक हेच त्याचं संमेलन, आणि त्यात शेजारची खुर्ची कायम रिकामी. अभ्यासकांसाठी भारतात १९९८ पासून इंडियन असोसिएशन फॉर सायन्स फिक्शन स्टडीज आहे. पण वाचकांनी वाचकांसाठी चालवलेलं मराठी विज्ञानकथेचं वार्षिक संमेलन लीड्ससारखं रुजलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता काय गरज? ग्रुप आहेत, चॅनेल आहेत. बरोबर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, माझा अर्धा दिवस अशाच ग्रुपांत जातो. पण आमच्या क्षेत्रातही एक गोष्ट दिसते. वर्षभर ऑनलाइन बोलणारी माणसं एकदा एका खोलीत चहा घेऊन बसली की पुढच्या वर्षीचं काम वेगळ्या वेगाने होतं. ग्रुपमधून बाहेर पडायला एक टॅप पुरतो. खोलीतून उठायला कारण द्यावं लागतं. लंडनचे चाहते १९४६ पासून दर गुरुवारी व्हाइट हॉर्स नावाच्या पबमध्ये बसायचे. तिथल्या गप्पांवरूनच क्लार्कला ‘टेल्स फ्रॉम द व्हाइट हार्ट’ हे पुस्तक सुचलं. अजेंडा नाही, ठराव नाही. फक्त गुरुवार पक्का.

सोलापूरला संमेलनं नवीन नाहीत. १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन झालं, २००६ मध्ये मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली झालं. मांडव, ग्रंथदिंडी, हजारो माणसं. पण संमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांडवच येतो, आणि मांडव म्हटला की निधी, स्वागताध्यक्ष, मानपान. म्हणून आपण सुरुवातच करत नाही. लीड्सवाल्यांकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे चार गोष्टी होत्या. आधी ठरवलेली तारीख. सगळ्यांना सापडेल अशी जागा. थोडी वर्गणी. आणि भेटून गेल्यावर कोणीतरी लिहून काढून सगळ्यांना पाठवलेला कागद. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण जो येऊ शकला नाही त्याला ती पुढच्या वेळी आणते. रोझेनब्लमने युद्धाची वर्षं तेवढ्यावरच काढली.

यातली एकही गोष्ट सोलापुरात अशक्य नाही. पाकीट आपल्याकडे पन्नासएक वर्षांपासून आहे, आणि ते चांगलं आहे, ते राहू दे. त्याच्या जोडीला वीस खुर्च्या हव्यात. वीस नाही जमले, तर सात चालतील. न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला गेलेले साधारण तेवढेच होते, आणि ते अजून पहिला नंबर सोडायला तयार नाहीत.

तर मंडळी, या दिवाळीत एखादी विज्ञानकथा आवडली, तर ती वाचलेला दुसरा माणूस शोधा. अंकाची लिंक पाठवू नका, अंक घेऊन जा. पुढच्या भागात ‘नोव्हे टेरे’सारख्या घरगुती पत्रिका आणि आपल्याकडची हस्तलिखितं यांच्याबद्दल बोलू. तोवर, काळजी घ्या, वाचत राहा.